सड्यावरचं पाणी : सातारा, कास, पाटण, कोयना

गुरुवार : सज्जनगड, ठोसेघर, चाळकेवाडी

कासला जायचं तर शनिवार-रविवार सोडून, एवढी एकच अट मी घातली होती. गाडी मी चालवणार म्हटल्यावर अट घालायचा हक्कही माझाच. नवऱ्याने कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या आणि लगेच आत्यांना फोन केला. त्याच्या आत्यांचं माहेर पाटणच्या पुढे, कोयनेच्या खोऱ्यात. त्यांना न घेता त्या बाजूला गेलो असतो तर पुढच्या दिवाळीपर्यंत ऐकून घ्यावं लागलं असतं. आत्या सत्तरीला टेकल्यात, पण निघायच्या वेळी आमच्याआधी तयार होऊन दारात उभ्या होत्या. हातात थर्मास, पिशवीत दशम्या आणि एका पुडीत हळद-मीठ. "ही पुडी कशाला?" असं विचारल्यावर "लागंल," एवढंच म्हणाल्या.

गणपती नुकतेच उठले होते. कासच्या पठारावरच्या फुलांचा हंगाम साधारण ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत धरतात. मला त्यातला सप्टेंबरचा मध्य बरा वाटतो. पाऊस थांबून थांबून येतो, मधून ऊन पडतं आणि धबधब्यांचा जोरही पुरता ओसरलेला नसतो. जुलैत गेलात तर धबधबे पोटभर, फुलं मोजकी. ऑक्टोबरात नेमकं उलटं.

पुणे-सातारा रस्त्याबद्दल नवीन काय सांगणार! ट्रक, डायव्हर्जन, टोल, शिरवळला चहा. खंबाटकीचा घाट चढताना उजवीकडे डावीकडे पांढऱ्या रेघा दिसायला लागल्या आणि मागच्या सीटवरून कॅमेऱ्याचा आवाज सुरू झाला. साताऱ्यात शिरल्यावर आधी टाकी फुल्ल करून घेतली आणि चारही चाकांची हवा तपासली. पठारांच्या बाजूला निघालात की पंपाच्या भरवशावर राहू नये. घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर गाडी नेहमीपेक्षा जास्त पेट्रोल पिते, हेही हिशेबात धरावं.

समर्थ मंदिरापासून बोगदा ओलांडला की सज्जनगडाचा रस्ता लागतो. गाडी बरीच वर जाते, तरी पायऱ्या चुकत नाहीत. आत्या एकेक पायरी मोजत, मध्ये बसत, पण कुणाचा हात न धरता चढल्या. समर्थ रामदासांनी १६८२ साली इथे देह ठेवला. राममंदिराच्या खाली त्यांची समाधी आहे. आत्या तिथे बसल्या आणि मी कड्याकडे गेले. खाली उरमोडी धरणाचं पाणी पसरलं होतं, कडेने भाताची खाचरं. ही उरमोडी जिथून सुरू होते तो डोंगर समोरच होता, फक्त ढगात.

ठोसेघरच्या धबधब्याला पोहोचलो तेव्हा समोर काहीही नव्हतं. काहीही म्हणजे अक्षरशः पांढरा पडदा. तिकीट काढून, पायवाटेने चालत गॅलरीपर्यंत गेलो तर कठड्यापलीकडे धुकं आणि धुक्यात आवाज. एक कुटुंब "पैसे वाया गेले" म्हणत परत फिरलं. आत्यांनी मात्र थर्मास उघडला. "वारं सुटू द्या जरा," म्हणाल्या. चहा संपला, दुसरा झाला, आणि मग दरीतून वारा वर आला. पडदा खालून वर गुंडाळत जावा तसा पहिल्यांदा दरीचा तळ दिसला, मग हिरवा कडा आणि शेवटी टप्प्याटप्प्याने कोसळणारं पाणी. शेजारी धाकटी धारही. दोन-तीन मिनिटांनी सगळं पुन्हा झाकलं. असं चार-पाच वेळा झालं. ठोसेघरला घाईने येऊच नये. धबधबा आपल्या सवडीने दिसतो, तेवढा वेळ हातात नसेल तर सज्जनगडावरूनच परत फिरलेलं बरं.

हे पाणी खाली तारळी नदीला जातं. तिची गाठ रविवारी पडणार होती.

उजेड शिल्लक होता म्हणून पुढे चाळकेवाडीच्या पठारावर गेलो. पवनचक्क्यांसाठी लोक इथे येतात. धुक्यात त्यांचं पातं दिसत नाही, नुसता घुमारा येतो, आणि अचानक डोक्यावरून एक भलंमोठं पातं फिरून जातं. मी मात्र खाली बघत होते. हा सगळा सडा आहे. खाली काळा बसाल्ट आणि त्यावर जांभ्याचं जाड झाकण. माती कुठे बोटभर, कुठे तेवढीही नाही. झाड उभं राहायला मुळांना जागा नाही, त्यामुळे उन्हाळ्यात इथे नुसता तापलेला कातळ असतो. पाऊस पडला की पाणी खाली मुरायला वाट फारशी सापडत नाही. ते खळग्यांत साचतं, ओघळतं आणि कडेपर्यंत पोहोचून कोसळतं. काठ तुटलेल्या परातीसारखा प्रकार. परातीत जे पाणी टिकतं त्यावर फुलं येतात आणि तुटलेल्या काठातून जे सांडतं त्याला आपण धबधबा म्हणून बघायला जातो. पुढचे सगळे दिवस मी हेच बघत होते, वेगवेगळ्या गावांत.

शुक्रवार : कास

पहाटे निघालो. यवतेश्वरचा घाट चढायला लागलो आणि धुकं बोनेटवर येऊन बसलं. अशा वेळी हेडलाइट लो बीमवर ठेवावेत, हाय बीम लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. डाव्या बाजूची पांढरी पट्टी धरून चालावं. आतून काचेवर वाफ धरली तर फडक्याने पुसत बसण्यापेक्षा एसीचा वारा काचेवर सोडावा. आणि चारी इंडिकेटर उघडझाप करत गाडी पळवण्याची जी पद्धत हल्ली आली आहे ती ज्याने कुणी काढली त्याला माझा कोपरापासून नमस्कार. मागच्याला कळतच नाही की तुम्ही थांबलायत की वळताय. वळणावर समोरून एसटी आली. तिच्या ड्रायव्हरने शांतपणे एका फुटाची जागा ठेवून गाडी काढली. घाटात एसटीवाल्यांकडून शिकण्यासारखं बरंच असतं.

घाटमाथ्यावर पेट्रीपर्यंत रस्त्याच्या कडेला प्लॉट विक्रीचे फलक, व्हिलांचे फलक, 'व्हॅली व्ह्यू'चे फलक. जिथे बोटभर माती जमायला किती काळ गेला असेल याचा अंदाजही करता येत नाही, तिथे जेसीबी उभे. नवऱ्याने त्यांचाही फोटो काढला. मला वाटतं त्या दिवसातला तो सर्वांत खरा फोटो असेल.

कास साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटर, उंची सुमारे बाराशे मीटर. २०१२ मध्ये पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, त्यांत महाराष्ट्रातली चार : कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. त्यानंतर गर्दीचा असा काही लोंढा आला की रोजच्या पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली. आधी ऑनलाइन बुकिंग करून जाणं शहाणपणाचं, विशेषतः सुट्टीच्या दिवशी. गेटवरची व्यवस्था आसपासच्या गावांची समिती वनखात्याबरोबर बघते. तिकीट तपासणारी, वाट दाखवणारी, पार्किंगला शिट्ट्या मारणारी मुलं-मुली इथल्याच गावांतली. आम्ही त्यांच्यापैकीच एक वाटाड्या घेतला. घ्याच. नाहीतर पठारावर नुसता रंग दिसतो आणि माणूस "वा, काय सुंदर" म्हणून अर्ध्या तासात बाहेर पडतो.

त्याने आम्हाला आधी खाली बसवलं. "उभ्याने काय दिसणार न्हाई, मॅडम." रस्त्याच्या कडेच्या एका ओल्या खळग्यात जांभळ्या-निळ्या ठिपक्यांचा थर होता. जवळून बघितल्यावर एकेक फूल दिसलं, नखाएवढं : सीतेची आसवं. दिसायला इतकं हळवं आणि जगायची रीत शिकाऱ्याची. मुळांसारख्या तंतूंवर बारीक फुगे असतात. पाण्यातला सूक्ष्म जीव त्यांच्या केसांना लागला की फुग्याचं तोंड उघडतं, पाण्यासकट जीव आत ओढला जातो आणि तोंड बंद. जांभ्यावरच्या या मातीत नत्र जवळजवळ नाही. ते मिळवायचं कुठून? तर किड्यांकडून. दोन हातांवर दवबिंदू नावाची दुसरी किडेखाऊ वनस्पती होती. तांबूस पानांवर चिकट थेंबांची टोकं आणि एका पानात अडकलेलं चिलट. नवरा पोटावर आडवा झाला आणि नंतरचा बराच वेळ आमच्यात नव्हता.

मग नावं येत गेली. पांढऱ्या बटणांसारखे गेंद, पाणी साचतं तिथे त्यांचे ताटवेच्या ताटवे. गुलाबी तेरडा उतारभर. पिवळी सोनकी, तिला अजून बहर यायचा होता, कडेकडेने तिने सुरुवात केली होती. निळी आभाळी. मिकी माउस, म्हणजे पिवळ्या पाकळ्यांवर दोन तांबडे ठिपके असलेला कवला. मुलांना हेच एक फूल लांबून ओळखता येतं. पांढरी चवर आत्यांनी ओळखली. हळदीच्या कुळातली. खडकाच्या फटीत दडलेली एक आमरी, म्हणजे ऑर्किड, वाटाड्याने दाखवली आणि लगेच पुढे नेलं. कारण विचारलं तर म्हणाला, "थांबलो की मागची चार माणसं येत्यात, त्यांच्यामागं आठ. मग ती ऱ्हात न्हाई."

भारंगी दिसली तशा आत्या खुलल्या. "हिच्या कोवळ्या पानांची भाजी करत्यात. फुलांची पण. कडसर लागती, पावसाळ्यात एकदा तरी खावी." वाटाड्या हसून म्हणाला, "आजी, आमच्यात पण." पुढची दहा मिनिटं दोघांनी कडूपणा काढायला भाजी किती वेळा उकळून पाणी ओतायचं यावर चर्चा केली. मी लिहून घेतलं नाही याची आता चुटपुट लागते.

टोपली कारवीची झुडपं जागोजाग होती, टोपल्या उपड्या घातल्यासारखी गोल, नुसती हिरवी. ती सात-आठ वर्षांनी एकदाच एकत्र फुलते आणि यंदाचं साल तिचं नव्हतं. साचलेल्या पाण्यात वायतुराही पाहायला मिळाला. पाण्यातून वर आलेला दांडा टोकाला इंग्रजी 'वाय'सारखा दुभागतो आणि दोन्ही फाट्यांवर फिकट गुलाबी तुरे. त्याचं शास्त्रीय नावच साताऱ्यावरून आहे, आपोनोजेटॉन सातारेन्सिस, आणि तो अशा मोजक्याच सड्यांवर उगवतो. त्याचा बहर संपत आला होता. एकच धड तुरा मिळाला.

ऊन पडलं आणि सगळ्यांचे आवाज चढले. रंग खरोखर दुप्पट झाले, हे मान्य करायला हवं. पण धुक्यातलं कास मला जास्त आवडलं. धुक्यात दहा फुटांपलीकडचं दिसत नाही म्हणून माणूस पायाजवळचं बघतो. ऊन पडल्यावर एक गट आखलेली वाट सोडून तेरड्यात जाऊन बसला, नंतर लोळला. शिट्टी वाजली, वादावादी झाली, "आम्ही तिकीट काढलंय" हे वाक्य आलंच. ते उठले तेव्हा तिथे माणसाच्या आकाराचा चट्टा होता.

कुंपणाची गोष्ट मी वाटाड्याला मुद्दाम विचारली. पूर्वी या पठारावर गावची गुरं चरायची. फुलं वाचवायची म्हणून चराई थांबली, तारेचं कुंपण आलं आणि पुढे ते काढूनही टाकलं. गावातल्या जुन्या माणसांचं म्हणणं असं की गुरं थांबली तसं गवत माजलं, आणि उंच गवताखाली ही बुटकी फुलं गुदमरतात. शेण पडायचं, खुरांनी गवत दबायचं, फुलांना उजेड मिळायचा. अभ्यासकांतही यावर दुमत आहे. मला मात्र गावाचं म्हणणं पटतं. शेकडो वर्षं गुरं होती आणि तरीही फुलं होतीच ना. नवीन काही आलं असेल तर ते आपण आणि आपल्या गाड्या.

दुपारी राजमार्गाने कुमुदिनी तळ्यापर्यंत चाललो. ही मेढा-महाबळेश्वराकडची जुनी वाट, गाड्या नसलेली, लालसर चिखलाची. तळ्यावर पांढरी कुमुदिनी फुलली होती. पाकळ्यांना झालरीसारखे तंतू असतात, पण ते बघायला दुर्बीण हवी, नाहीतर पाण्यात उतरायची बुद्धी होते. बरेच लोक इथवर येत नाहीत. ज्यांना चालवतं त्यांनी यावं.

मुक्काम कास तलावाच्या पुढे एका घरगुती ठिकाणी. नाचणीची भाकरी, पिठलं, खर्डा, वाफाळता भात. कास तलाव ब्रिटिश काळातला. त्याचं पाणी उताराने सातारा शहरापर्यंत जातं, अलीकडे त्याची भिंतही उंचावली आहे. म्हणजे सकाळी साताऱ्यात चहाला जे पाणी वापरलं तेही याच सड्यावरचं.

शनिवार : वजराई, बामणोली

सकाळी भांबवलीला, वजराई धबधबा बघायला. गाव लहान, रस्ता अरुंद, समोरून गाडी आली तर कुणीतरी मागे घ्यावीच लागते. वर चढणाऱ्याला आधी वाट द्यायची हा घाटातला साधा नियम इथे अर्ध्या लोकांना माहीत नाही. गाडी लावून जंगलातून चालत निघालो आणि आत्यांच्या पुडीचा उलगडा झाला. जळवा. पानांवर, वाटेवर, बुटांच्या शिवणीत. आत्यांनी सगळ्यांच्या घोट्यांना हळद-मीठ चोळायला लावलं आणि आपण एका दगडावर बसून "मी इथंच हाय, तुम्ही या जाऊन" म्हणाल्या.

वजराई तीन टप्प्यांत पडतो. उंची १८४० फूट सांगतात आणि देशातला सर्वांत उंच धबधबा हाच, असा इथला दावा. कर्नाटकातल्या कुंचिकलचंही नाव त्या मानासाठी घेतलं जातं. टप्प्यांची बेरीज कशी करायची यावर असे वाद मिटायचे नाहीत, आणि समोर उभं राहिल्यावर ते आठवतही नाहीत. कड्याच्या वरच्या कडेला सपाट रेघ दिसते. तो सडा. तिथून पाणी सुटतं आणि मधल्या टप्प्यावर आदळून धुरासारखं पसरतं. उरमोडीची सुरुवात ही इथली. गुरुवारी सज्जनगडावरून जे धरण पाहिलं त्यात हेच जातं.

बामणोली आम्ही थोडक्यात उरकली. शिवसागराचं, म्हणजे कोयना धरणाच्या फुगवट्याचं पाणी काठोकाठ आलं होतं. वासोटा किल्ल्याची वाट पावसाळ्यात बंद असते, आणि बोटीत बसायला आत्यांचा ठाम नकार. "त्या पाण्याखाली गावं हायत. त्यांच्यावरून सहल कसली?" यावर कुणी काही बोललं नाही. काठावर मासे-भाकरी खाल्ली.

परतीच्या वाटेवर तेच कास, शनिवार दुपारचं. कासच्या अलीकडे दोन किलोमीटरवर गाड्यांची रांग थबकली होती. कडेच्या ओल्या गवतावर, म्हणजे गेंदांवरच, गाड्या लावलेल्या. स्पीकर. कणसंवाल्यांचा धूर. एक रुग्णवाहिका वाट काढत होती आणि लोक तिच्या मागे आपली गाडी घालून पुढे सरकू बघत होते. हाफ क्लचवर चढावर तासभर काढल्यावर डाव्या पायाला मुंग्या आल्या. नवऱ्याने एकदाही "मी घेऊ का?" विचारलं नाही, कारण घाटात तो गाडी चालवत नाही, हे आमच्यात लग्नाच्या पहिल्या वर्षीच ठरलंय. साताऱ्यात पोहोचल्यावर त्याने न बोलता कंदी पेढ्यांचा पुडा आणला. चालतंय.

रविवार : तारळे, सडावाघापूर, पाटण

महामार्गाने कराडच्या दिशेला लागून आत तारळ्याकडे वळलो. इथे तारळी नदी भेटली, गढूळ, रुंद, शहाण्या बाईसारखी चाललेली. ठोसेघरला हीच पडद्याआड आदळआपट करत होती यावर विश्वास बसेना.

तारळ्याहून सडावाघापूरचा चढ. वर पोहोचलं की पुन्हा तेच : सपाट सडा, पवनचक्क्या, खळग्यांतलं पाणी, गवत. इथला 'उलटा धबधबा' हल्ली फार गाजतोय. कड्यावरून ओढे खाली झेपावतात आणि दरीतून येणारा वारा ते पाणी परत वर फेकतो. त्याला जोराचा वारा लागतो आणि तो जून-जुलैचा. आम्ही गेलो तेव्हा वाऱ्याची मर्जी नव्हती. पाच-सात मिनिटं पाणी सरळ पडायचं, मग एखादा झोत यायचा आणि कडेला उभ्या असलेल्या सगळ्यांची तोंडं धुऊन निघायची. उडालेलं पाणी मागे सड्यावर पडतं, त्याच ओढ्याला मिळतं आणि पुन्हा कड्याकडे निघतं. काही थेंबांची दिवसभर हीच फेरी चालत असणार. कडा ओला आणि शेवाळलेला असतो, वारा अचानक उलटतो. लोक सेल्फीसाठी ज्या टोकावर जात होते ते पाहून माझ्याच पोटात गोळा आला.

इथे मला जी गोष्ट आवडली ती धबधब्यापासून पाच मिनिटांवर होती. एका खळग्यात सीतेची आसवं आणि गेंद, कासइतकेच दाट. ना तिकीट, ना शिट्टी, ना माणूस. शेजारी दोन म्हशी चरत होत्या. वाटाड्याचं बोलणं आठवलं.

पाटणला उतरलो आणि आत्यांचं माहेर आलं. त्यांच्या भावजयीने भारंगीची भाजी केली होती. कडसरच होती. आत्या विजयी मुद्रेने माझ्याकडे बघत राहिल्या.

रात्री भूकंपाचा विषय निघाला. या खोऱ्यात तो निघतोच. ११ डिसेंबर १९६७, पहाटेची वेळ. आत्या तेव्हा शाळकरी. "आधी गुरांनी दावी ताणली. मग उतरंड पडली. मग भिताडच." दीडशेहून जास्त माणसं त्या पहाटे गेली. कित्येक घरं कुडाची-मातीची होती. पुढे महिना-दोन महिने लोक अंगणात मांडव घालून झोपले, थंडीत. तीव्रता सहाच्या वर होती आणि धरणातल्या पाण्याच्या भाराने भूकंप होतात का, या प्रश्नासाठी जगभरचे शास्त्रज्ञ आजही कोयनेचं उदाहरण घेतात. आत्यांना शास्त्रज्ञांचं काही नव्हतं. त्या दिवसानंतर त्यांच्या आईने फळीवर कधी पितळेचं भांडं ठेवलं नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

सोमवार : कोयना, नवजा, कराड

कोयनानगरला धरण लांबूनच बघायचं. उंची १०३ मीटर, साठा १०५ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) थोडा वर. दरवाजे उघडलेले नव्हते. इथे माझ्या सड्याच्या हिशेबाला एक फाटा फुटला. आतापर्यंत पाहिलेलं सगळं पाणी, उरमोडीचं, तारळीचं, पूर्वेला कृष्णेकडे जात होतं. कोयनेच्या साठ्यातला मोठा वाटा मात्र सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला पोफळीकडे सोडतात, त्यावर वीज होते आणि ते पाणी वाशिष्ठीतून चिपळूणकडे, समुद्राला. त्यासाठी १९९९ आणि २०१२ मध्ये जलाशयाच्या तळाला भोक पाडून पाणी बोगद्यात घेतलं, ते लेक टॅपिंग. नवऱ्याला हे वाचून इतका आनंद झाला की तो पुढचा अर्धा तास फोटो काढायचं विसरला.

नवजाचा रस्ता कोयना अभयारण्याच्या कडेने जातो. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस घेणारं हे गाव. महाबळेश्वराशी त्याची दरवर्षी चढाओढ असते आणि काही वर्षी नवजा जिंकतंही. ओझर्डे धबधबा गावाच्या पुढे, जंगलातून थोडं चढून. दगड निसरडे. मी काठी घेतली, आत्यांनी घेतली नाही. इथला कडा काळा, उघडा, आणि पाणी त्याला न शिवता बरंच अंतर सुटं खाली येतं. तुषार इतके की छत्रीला अर्थ नाही. आमच्याशिवाय एक शाळेची सहल होती. मुलं ओरडत होती आणि पाण्यापुढे त्यांचं ओरडणं ऐकूच येत नव्हतं, नुसती उघडी तोंडं दिसत होती.

परतीला कराडला प्रीतिसंगमावर थांबलो. कोयना आणि कृष्णा इथे समोरासमोर येऊन भिडतात आणि मग एकत्र पूर्वेला वळतात. यशवंतराव चव्हाणांची समाधी जवळच. दोन्ही पाण्यांचा रंग त्या दिवशी सारखाच गढूळ होता. आत्यांनी भेळ मागितली. तिखट.

हीच वाट कुणाला करायची असेल तर एक बदल सुचवते : शनिवारी बामणोलीहून परत न येता तिथेच राहा आणि रविवारी पहाटे, गाड्या चढायच्या आत, कास पार करून खाली उतरा. रोख पैसे साताऱ्यातच काढून ठेवा, भांबवली-बामणोलीकडे रेंज नसली की फोनवरचे पैसे चालत नाहीत. आणि हळद-मीठ.